रॅली रद्द, मोटारसायकल सुखरूप

माझ्या बहिणीचा नवरा बूह हा जातिवंत भटक्या. त्याचा बाप एका विहिरीवर कधी दोन मोसम टिकला नाही, आणि आजोबा म्हणे ‘घर’ हा शब्द शिवीसारखा वापरायचे. अशा खानदानातला हा माणूस गेलं वर्षभर बिर तालहा नावाच्या एका मचूळ पाण्याच्या विहिरीपाशी खिळून बसला होता, आणि त्याला खिळवून ठेवणारी वस्तू होती एक मोटारसायकल. ती त्याला चालवता येत नव्हती. ती त्याची नव्हतीही. आणि दुखणं नेमकं तेच होतं.

त्या शुक्रवारी दुपारी मी अतार या आमच्या वाळवंटातल्या गावी माझ्या घरी जेवून आडवा झालो होतो. रेडिओ पोटावर होता. मी शाळेत फ्रेंच शिकवतो, त्यामुळे परदेशी बातम्या ऐकणं हे मला कामाचाच भाग असल्यासारखं दाखवता येतं. निवेदक म्हणाला की उद्या युरोपातून सुटणारी वाळवंटातली मोटार रॅली सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आली आहे. सुटायच्या आदल्या दिवशी. गाड्या रांगेत उभ्या, चालक अंगात कपडे चढवून तयार, आणि रॅली रद्द.

कारण आम्ही. म्हणजे आमचा देश. काही दिवसांपूर्वी दक्षिणेकडच्या रस्त्यावर परदेशी प्रवाशांच्या हत्या झाल्या होत्या. ती गोष्ट वाईटच होती. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. पण तो रस्ता आमच्यापासून इतका दूर की तिथली माणसं आमच्या उच्चाराला हसतात. निवेदकाला त्याचं काय. त्याच्या दृष्टीनं वाळू ती वाळू.

अतारमध्ये रॅलीचा विसाव्याचा दिवस असायचा, म्हणून गावानं तयारी केली होती. स्वागत समितीनं विमानतळाच्या रस्त्याकडेचे दगड चुन्यानं रंगवून पांढरे केले होते. पाहुणे आता येणार नव्हते, पण दगडांना पुन्हा पहिला रंग कसा द्यायचा हे समितीत कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी माणसं बाजारात कोंडाळी करून उभी राहिली. आपण धोकादायक आहोत ही बातमी आम्हाला नवीन होती. माझा शेजारी, जो कोंबडी कापतानाही डोळे मिटतो, मला म्हणाला, “मास्तर, आपली दहशत बसली म्हणायची युरोपात.” आणि मग घरी जाऊन बायकोची बोलणी खात बसला.

मला मात्र पहिल्यांदा आठवली ती महजूबा, माझी धाकटी बहीण. आणि तिचा तंबू.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे उंटिणीचं दूध प्यायला गेलो होतो. दरवर्षी जातो. डॉक्टर त्याला औषध मानत नाही, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे. रॅली त्या बाजूनं गेली, आणि तिच्यातला एक मोटारसायकलवाला वाळूच्या कड्यावरून थेट आमच्यापाशी येऊन आदळला. यानिक त्याचं नाव. ब्रिटनी या फ्रेंच प्रांतात त्याची बेकरी होती, पाव भाजायचा. खांद्याचं हाड मोडलं होतं. महजूबानं त्याला लाकडी कटोऱ्यातून आंबट दुधाचं सरबत पाजलं, ते त्यानं ताबडतोब ओकून टाकलं, आणि मग हेलिकॉप्टर आलं. हेलिकॉप्टरात माणसाला जागा होती, गाडीला नव्हती.

“मागून झाडू-ट्रक येईल, तो गाडी उचलेल,” हेलिकॉप्टरवाला म्हणाला. रॅलीच्या सर्वांत शेवटी असा एक ट्रक असतो, पडलेलं-मोडलेलं झाडून नेतो. पण यानिकचा त्या ट्रकवर भरवसा नसावा. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो गाडीकडे बघून रडायला लागला.

“हा रडतोय कशाला?” बूहनं मला विचारलं.

“गाडीसाठी.”

“मग त्याला सांग, ती माझ्याकडे अमानत आहे. इथेच, या झाडाखाली. जशी टाकून गेला तशी सापडेल.”

मी सांगितलं. यानिकनं धड असलेल्या हातानं बूहचा हात धरला आणि पुढच्या वर्षी रॅलीबरोबर येऊन गाडी नेईन असं वचन दिलं. झाडू-ट्रक टेकडीच्या पलीकडून निघून गेला. त्यानं काय झाडलं ते अल्ला जाणे.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पावसानं. त्या वर्षी पाऊस पडला तो सगळा आग्नेयेला, पार लांब. बूहच्या भाऊबंदांनी एकेक करून तंबू उचलले आणि चाऱ्याकडे निघाले. पावसाळा सरेपर्यंत बिर तालहावर एकच तंबू उरला. जाणारा प्रत्येक जण बूहला सलाम करून जायचा आणि आमच्याकडे सलाम म्हणजे नुसता सलाम नसतो, सगळ्या गोतावळ्याची चौकशी असते.

“सलाम, बूह. बरा आहेस?”

“अल्लाची कृपा.”

“घरची बरी आहेत? पोरं? उंट? शेळ्या?”

“सगळी बरी.”

“आणि मोटारसायकल? दूध देते का?”

हे वर्षभर चाललं. बूहनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. तो दर शुक्रवारी नमाज झाला की पगडीच्या शेवानं गाडी पुसायचा. महजूबानं आपल्या तंबूचा एक जुना पट्टा उसवून गाडीवर घालायला दिला होता, कारण उन्हानं रंग उडतो. दोन्ही मुलगे बरेचसे उंट घेऊन चुलत्याबरोबर पुढे गेले होते. मागे राहिलेल्या उंटांच्या पाठीवरच्या मदारी वाळत चालल्या होत्या. उंटाची मदार वाळली की समजावं, तो आता स्वतःलाच खातोय.

उन्हाळ्यात मी यानिकला फोनही लावला होता. नंबर मिळवायला त्रास पडला नाही. गाडीच्या टाकीवर त्यानं स्वतःच्याच बेकरीची जाहिरात चिकटवली होती. “जानेवारीत येतोच आहे!” तो आनंदानं ओरडला. मी तसं जाऊन सांगितलं. महजूबानं ते ऐकून घेतलं, चहाचा तिसरा पेला नवऱ्यापुढे ठेवला, आणि म्हणाली:

“ऐक बूह. रॅली येईपर्यंत मी थांबते. तो पाववाला आला आणि गाडी घेऊन गेला, की दुसऱ्या सकाळी तंबू हलणार. नाही आला, तरी तंबू हलणार. तंबूत तू असशील की नाही, ते तुझं तू बघ.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. आमच्यात तंबू बायकोचा असतो, तिच्या आईकडून आलेला. नवरा-बायकोचं फाटलं की बायको तंबू उचलते, आणि नवरा होता तिथेच बसलेला असतो, फक्त उघड्यावर. तिच्या मैत्रिणी मग आनंदानं ढोल वाजवतात. महजूबाला मैत्रिणी पुष्कळ आहेत.

तर ही रॅली रद्द झाली होती.

शनिवारी पहाटे मी मित्राची पिकअप मागून घेतली आणि बिर तालहाला गेलो. बूहनं गाडीवरचा पट्टा काढून ठेवला होता. चाकाखालची वाळू सारखी केली होती. एक बोकड वेगळा बांधला होता, पाहुण्यांसाठी. महजूबानं नवी निळी मलहफा नेसली होती, आणि तिचं अर्धं सामान बांधून तयार होतं. माझी पिकअप बघून दोघंही उठून उभी राहिली, आणि खाली मी एकटाच उतरलो.

सलाम झाले. आई बरी, शाळा बरी, अतारचे खजूर बरे. मग मी सांगितलं.

“रद्द म्हणजे?” बूह म्हणाला. “उशिरा येणार?”

“नाही दाजी. येणारच नाहीत.”

“का?”

“घाबरले.”

“कुणाला?”

मी आजूबाजूला पाहिलं. विहीर, बाभूळ, बोकड, आणि पगडीतून नुसते डोळे दिसणारा माझा मेहुणा. “तशी तुम्हालाच,” मी म्हणालो.

बूहनं मान वळवून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, “पण मी तर त्याची गाडी सांभाळतोय.”

“ते त्यांना माहीत नाही.”

“मग सांग त्यांना!”

महजूबा हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. “दादा, बोकड सोडून देऊ की कापू? पाहुणा येणार नाही, पण बोकडाला अजून कुणी कळवलेलं नाही.”

“महजूबा, जरा धीर धर,” मी म्हणालो.

“वर्षभर धीरच धरला. पुढच्या वर्षी येतील का?”

“रेडिओवर म्हणाले, पुढच्या वर्षी बहुतेक दुसऱ्या खंडात नेतील.”

“खंड म्हणजे किती लांब?”

“समुद्र ओलांडून.”

“ऐकलंस?” ती नवऱ्याला म्हणाली. “तुझा पाववाला समुद्राच्या पलीकडे तुझी वाट बघेल आता. उद्या दुपारपर्यंत मी आहे. त्यापुढं माझं तोंड आग्नेयेला.”

मी बूहला पिकअपमध्ये घातलं आणि अतारला आणलं. वाटेत तो एवढंच म्हणाला की दिलेला शब्द परत मागायचा असेल तर तो ज्याला दिला त्याच्याकडेच मागावा लागतो. मी म्हणालो, म्हणूनच चाललोय ना.

बाजारातल्या टेलिफोनच्या दुकानातून आम्ही फोन लावला. दुकानदारानं स्पीकर चालू केला आणि स्वतःही पुढे सरकून बसला. फोन यानिकनंच उचलला. पाठीमागे बेकरीत भांड्यांचा आवाज येत होता. तो काही बोलायच्या आतच बूहनं मला थांबवलं.

“हा तोच कशावरून?”

“दाजी, आवाज तोच आहे.”

“आवाजाचं काय, कुणीही काढील. विचार, आम्ही त्याला काय पाजलं होतं?”

मी विचारलं. यानिक ओशाळून म्हणाला, “ते आंबट दूध. माफ करा. मी... ते बाहेर आलं होतं.”

“हाच,” बूह म्हणाला. “बोल आता.”

यानिक खूप बोलला. तोही कालपासून रडकुंडीला आला होता. सगळी तयारी करून, सुरुवातीच्या गावी जाऊन, नवी गाडी रांगेत लावून तो परत आला होता. संयोजकांना शिव्या देऊन झाल्यावर तो म्हणाला, मी आता कसा येणार? बायको सोडणार नाही. तुमच्या त्या सगळ्या भागाला नकाशावर लाल रंग दिलाय. मग त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “तुम्ही ठेवून घ्या ना ती गाडी! माझ्याकडून भेट!”

मी भाषांतर केलं. माझ्या मते प्रश्न सुटला होता. दुकानदारानं टाळी वाजवली. बूहनं मान हलवून विचार केला. भेट स्वीकारायला हरकत नव्हती. मालक स्वतः देतोय, साक्षीदार हजर आहेत. तो तोंड उघडणार एवढ्यात प्रामाणिकपणाच्या भरात यानिक पुढे म्हणाला, “तशी कागदोपत्री ती माझी नाहीच आता. विमा कंपनीनं मला भरपाई दिली ना मागेच. त्यांचीच ती. पण त्यांना कुठे कळतंय!”

याचं भाषांतर मी गाळू शकलो असतो. पण दुकानदारालाही फ्रेंच येत होतं, आणि तो जास्त चपळ निघाला.

बूहचा चेहरा उतरला. “म्हणजे हा मला दुसऱ्याचा माल भेट देतोय?”

“दाजी, तो चांगल्या मनानं—”

“चांगल्या मनानं दुसऱ्याचा उंट दिला तर मी घेईन? विचार त्याला, ती कंपनी राहते कुठे.”

यानिकनं नंबर दिला, तीनतीनदा माफी मागितली, आणि पाव करपतोय म्हणून फोन ठेवला.

कंपनीनं आधी आम्हाला वाद्यसंगीत ऐकवलं. बूहला ते आवडलं नाही; तो म्हणाला, कुणी मेलंय का? मग एक बाई आल्या. आवाज गोड, शनिवार असूनही कामावर. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी आहे, चांगली आहे, तुमची आहे, माणूस पाठवा आणि घेऊन जा.

“वाहन सध्या कुठे आहे?”

मी सांगितलं.

टकटक आवाज आला. “त्या भागात आमचा प्रतिनिधी जाऊ शकत नाही. तो लाल भाग आहे. आपण कुठून बोलताय?”

“त्या लाल भागातूनच.”

“अरे बापरे,” बाई मनापासून म्हणाल्या. “काळजी घ्या हं.”

मी आभार मानले. दुसरं काय करणार.

“आणि आमच्याकडे हे वाहन नष्ट झाल्याची नोंद आहे,” त्या म्हणाल्या.

“नष्ट?” भाषांतर ऐकून बूह उभाच राहिला. “विचार तिला, नष्ट झालेली गाडी मी दर शुक्रवारी पुसतो ती कशाला?”

“बाईसाहेब, ती नष्ट झालेली नाही. तिचा आरसासुद्धा शाबूत आहे.”

“वाहन कुणाच्या ताब्यात आहे? एखादा सशस्त्र गट वगैरे?”

मी बूहकडे पाहिलं. “एकच माणूस आहे. त्याच्याकडे काठी आहे. उंट हाकायची.”

“काठी,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा टकटक झाली. त्यांनी ते लिहून घेतलं याची मला आजही खंत वाटते.

“तो गाडी परत द्यायला तयार आहे हो! कुणीतरी घ्या एवढंच म्हणतोय!” मी आता ओरडायला लागलो होतो. वर्गातसुद्धा मी इतका ओरडत नाही. “मग त्यालाच देऊन टाका. एका ओळीत म्हणा, आम्ही सोडली.”

“नष्ट झालेलं वाहन कुणाला देता येत नाही, महाशय,” बाई समजुतीनं म्हणाल्या. “ते अस्तित्वात नाही.”

फोन संपला. दुकानदार म्हणाला, चहा घ्या. आम्ही घेतला. आमच्याकडे चहा म्हणजे तीन पेले. तिसऱ्या पेल्यानंतर बूह म्हणाला, “पाववाला म्हणतो माझी नाही. कंपनी म्हणते ती नाहीच. माझ्या तंबूसमोर उभी आहे ती काय आहे मग, जिन्न?”

“दाजी, आता तुम्ही मोकळे आहात असं समजा. घेणाराच नाही, तर अमानत कसली?”

“घेणारा नाही म्हणून तर ती अजून माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. यावर माझ्या पदवीचा काही उपयोग नव्हता.

रविवारी आम्ही परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि तंबू खाली आला होता. महजूबानं खांब सोडवून दोन उंटांवर बांधले होते, चटया गुंडाळल्या होत्या, भांड्यांची पोतडी लटकवली होती. मोटारसायकलचा पट्टाही सामानात बांधला होता. तोही तंबूचाच ना. गाडी बाभळीच्या विरळ फांद्यांखाली उन्हात लखलखत उघडी उभी होती. बोकड कापला नव्हता, तो प्रवासाला निघाला होता.

“गेला का पाववाला गाडी घेऊन?” ती आमच्याकडे न बघता म्हणाली.

मी थोडक्यात सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटत होती, जणू ती कंपनी माझ्या मामाची होती.

बूह गाडीच्या शेजारी जाऊन बसला, तंबू होता त्या जागी. आता त्याच्यावर सावली नव्हती. महजूबा उंटाची दोरी आवळत राहिली. एक गाठ तिनं बांधली, सोडली, पुन्हा बांधली. ती वेळ काढत होती हे मला दिसत होतं. बूहला दिसत होतं की नाही कोण जाणे.

“चल,” ती शेवटी म्हणाली.

“तो आला आणि मी इथे नसलो तर? त्याला दूध कोण देईल?”

“तो ओकतो!”

“कंपनीचा माणूस आला तर?”

“बूह, मी तेवीस वर्षं तुझ्याबरोबर हिंडले. एकदाही विचारलं नाही कुठे जायचं. तू म्हणालास उठ, मी उठले. एकदा मी म्हणतेय उठ.”

तो उठला नाही. पण मान खाली घालून त्यानं वाळूची मूठ भरली आणि बोटांतून सोडत राहिला. असला हट्टी आणि असला असहाय माणूस मी एकाच अंगात कधी पाहिला नव्हता. मला त्या क्षणी रॅलीचा, नकाशाचा, टकटकणाऱ्या बाईंचा आणि सगळ्यात जास्त त्या झाडू-ट्रकचा विलक्षण संताप आला.

तेवढ्यात उत्तरेकडून एक उंटस्वार विहिरीवर आला. दाह त्याचं नाव, लांबच्या कबिल्यातला, उतारवयाचा. त्याला घाई नव्हती. बायको तंबू पाडून उभी आहे, नवरा उन्हात बसलाय, हे त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून सलाम केला. बरे आहात, घरची बरी आहेत, उंट बरे आहेत. बूहनंही सगळी उत्तरं दिली. सलाम कुठल्याही परिस्थितीत अर्धा सोडता येत नाही.

मग दाह म्हणाला, “माझी एक उंटीण सुटलीय. भुरी. उजव्या मांडीवर चंद्रकोर, खाली एक दांडी.”

“पाहिली,” बूह लगेच म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव आला. “थंडी सुरू होताना पाणी प्यायली इथे. मग वाटेनं जाणाऱ्या अहमदूच्या कळपाबरोबर आग्नेयेला गेली. पोटात पिल्लू होतं.”

“अल्ला तुझं भलं करो. म्हणजे आता व्यालीही असेल.” दाह खूश झाला आणि पाणी काढायला लागला.

महजूबा दोरी सोडून पुढे आली. “काका, उंटीण सुटून किती दिवस झाले?”

“उन्हाळ्यापासून.”

“इतके दिवस तुम्ही काय केलंत?”

दाहला प्रश्न कळला नाही. “काय करणार? खजूर उतरवले. मुलीचं लग्न लावलं.”

“काळजी नाही वाटली?”

“कशाची? खूण आहे की अंगावर. कुठेतरी चरत असेल. ज्याला दिसेल तो सांगेल.”

महजूबानं नवऱ्याकडे पाहिलं, मग मोटारसायकलकडे. गाडीच्या पुढच्या बाजूला आणि दोन्ही कुशींवर ताटाएवढे मोठे काळे आकडे रंगवलेले होते, अर्ध्या मैलावरून दिसावेत असे.

“आणि हिच्या अंगावर काय आहे?” ती म्हणाली.

बूहनं वर पाहिलं.

“सांग ना. ही बेवारशी आहे? कुणाची ते कळत नाही? तू तुझ्या सुटलेल्या उंटाशेजारी कधी बसून राहिलायस का रे जन्मात?”

बूह उठला, दाहजवळ गेला, आणि या क्षेत्रातल्या जाणकाराला विचारावं तसं त्याला हाताला धरून गाडीपाशी आणलं. “ही खूण कधी पाहिलीय?”

दाहनं पोहरा खाली ठेवला. तो गाडीभोवती फिरला. आकड्यांवरून बोट फिरवलं, टाकीवरच्या जाहिरातीतला पाव बघितला, वाकून दुसरी बाजू तपासली. त्यानं थट्टा केली नाही.

“पाहिली नव्हती,” तो म्हणाला. “आता पाहिली.”

एवढंच. पण बूहनं असा श्वास सोडला की मला ऐकू आला.

मग सगळं रीतसर झालं. दाह आणि मी साक्षीदार. बूहनं मोठ्यानं सांगितलं की ही गाडी समुद्रापलीकडच्या एका कंपनीची आहे, पूर्वी पाववाल्याची होती, ती बिर तालहावर बाभळीखाली आहे आणि जो विहिरीवर येईल त्यानं पुढच्या विहिरीवर सांगावं. “कंपनी म्हणते ती नष्ट झालीय,” असंही त्यानं प्रामाणिकपणे जोडलं. दाह म्हणाला, शहरातले लोक आजारीच असतात.

किल्ली बूहनं बाभळीच्या फांदीला टांगली. आमच्याकडे मोसमापुरतं सामान झाडावर टांगून जातात, त्याला कुणी हात लावत नाही. किल्लीशेजारी किटली, तीन पेले, साखरेचा खडा आणि चहाची पुडी एका कातडी पिशवीत टांगली. जो कुणी येईल त्याला निदान चहा तरी मिळावा. महजूबानं त्यातला एक पेला काढून बघितला, त्याची कड उडालेली होती. तो ठेवून घेऊन तिनं आपल्या सामानातला चांगला पेला पिशवीत घातला. मग उंटावर चढता चढता ती परत खाली उतरली आणि तो जुना पट्टा गाडीवर टाकून आली.

“रंग उडतो,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

बूह शेवटच्या उंटावर बसला. टेकडी आड येईपर्यंत तो उलटा तोंड करून बसला होता.

वसंतात कंपनीच्या त्याच बाईंचा त्या टेलिफोनच्या दुकानावर मला फोन आला. त्यांना प्रकरण बंद करायचं होतं. मी म्हणालो, वाहन तिथेच आहे, किल्ली फांदीवर आहे, चहाची सोय आहे. पलीकडे नेहमीची टकटक झाली.

“म्हणजे पोहोचण्यासारखं नाही,” त्या म्हणाल्या.

“माझे विद्यार्थी सहलीला जाऊन आले, बाईसाहेब.”

“लाल भागात?” त्यांच्या आवाजात काळजी होती. “पालकांची परवानगी घेतली होती ना?”

मी फोन ठेवला. त्या वर्षी रॅली खरोखरच दुसऱ्या खंडात गेल्याची बातमी आली. अतारच्या रस्त्यावरचे दगड अजून पांढरेच होते, इतके की रात्री गाडी चालवायला सोपं जायचं.

मागच्या आठवड्यात बाजारात आग्नेयेकडून आलेला एक उंटांचा व्यापारी माझ्यापाशी थांबला. त्यानं हात छातीवर ठेवला.

“सलाम मास्तर. बरे आहात?”

“अल्लाची कृपा.”

“घरची? शाळा? आई?”

“सगळी बरी.”

“तुमच्या मेहुण्यांचे उंट चांगले माजलेत. बहीण मजेत आहे. आणि बिर तालहावरची मोटारसायकल? येताना मला उत्तरेकडच्या वाटेनं यावं लागलं, तिच्याकडे जाणं झालं नाही.”

“सुखरूप आहे,” मी म्हणालो.

“अल्लाची कृपा,” तो समाधानानं म्हणाला आणि उंट हाकत पुढे गेला. त्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.